चार बोटं

जानेवारीत होल्माविकला उजेड अकराला येतो
आणि चारच्या आत निघतो,
अंगातला कोट न काढणाऱ्या पाहुण्यासारखा.
शेडमध्ये एक बल्ब, एक हीटर, स्टुलावर वडील,
आणि रशियन जीप.
हेरिंगच्या पिंपांच्या बदल्यात बोटीतून आलेली,
माझ्याहून सहा वर्षांनी थोरली.

गेल्या हिवाळ्यात तिने तीन कोलांट्या खाल्ल्या
आणि स्वतःच चाकांवर येऊन उभी राहिली.
छप्पर कापडाचं. आत वडील.
"उतरलो तेव्हा पाइप पेटलेलाच होता,"
असं ते पेट्रोल पंपावर सांगतात.
मानेतल्या दोन स्क्रूंचं सांगत नाहीत.

म्हणून ही नळी.
एइविंदुरच्या बेंडरवर वाकवली,
तो बोटींचे कठडे करतो, आणि बोलत नाही.
पहिली कमान वाया गेली, एका अंशाने.
एक अंश खाली काहीच नसतो,
वर डोक्यापाशी पोचेपर्यंत तो बोटभर होतो.
दुसरी बसली.
मग नळीचं तोंड माशासारखं कोरायचं,
दुसऱ्या नळीला ते घट्ट चावलं पाहिजे,
फटीतून नख जाता कामा नये.
मग टाके. आधी चार कच्चे, समोरासमोर,
मग पक्के.
मुखवट्याच्या काळ्या काचेत
एक हिरवा ठिपका, वितळता, पुढे सरकणारा.
त्याच्याबाहेरचं जग तेवढ्यापुरतं रद्द.

वडील म्हणतात, पिंजरा कशाला,
मी काय पोपट आहे?
मी म्हणते, बडबड तर तशीच आहे.

डॅशबोर्डसाठी लाकूड किनाऱ्यावरून आणलं.
सैबेरियातली कुठली तरी नदी लार्चचे ओंडके सोडते,
बर्फाबरोबर पाच-पाच वर्षं फिरून
ते आमच्या दगडांना लागतात.
रंध्यावर चढवलं तर मिठाचा वास,
आणि एका गाठीत रुतलेला खडा,
ज्याने माझं पातं खाल्लं.
तेलाचा दाब, पाण्याचं तापमान, बॅटरी,
गोल भोकं पाडली. चौथं वेगाच्या काट्याचं.
तो काटा चाळिसावर अडकलाय, मी शाळेत होते तेव्हापासून.
नवा आणते म्हटलं.
वडील म्हणाले, राहू दे, त्याला माझी सवय आहे.

जुन्या पत्र्यावर खिळ्याने कोरलेलं होतं:
नद्यांची नावं, आणि प्रत्येकीपुढे
गुडघा. गुडघा. कंबर.
एकीपुढे नुसतं: नको.
तेवढा तुकडा कापून घेतला,
चार रिव्हेट मारून ड्रायव्हरच्या गुडघ्याजवळ बसवला.
पाणी बदलतं, दरवर्षी, मला माहीत आहे.
"नको" बदलत नसावं.

काल त्यांना सीटवर बसवलं.
डोकं आणि नळी यांत चार बोटं हवीत, फोम धरून.
मी हात घातला.
चार बोटं, आणि आणखी चार.
कमान मी आठवणीतल्या उंचीला वाकवली होती.
टेप खिशात होता, तेव्हाही.
मी म्हटलं, ठीक आहे.
मापात पाप.

ते खाली उतरले, सावकाश, दाराला धरून.
"आता तू बस."
बसले. त्यांनी माझ्या टाळूवर हात ठेवला, आडवा,
विंचने एक बोट नेलेला तो उजवा हात.
तीन बोटं, आणि चौथ्याची रिकामी जागा.
"बरोबर," म्हणाले. "चार."

मी बॅटरी जोडली.
लार्चच्या भोकांतून पिवळे दिवे लागले.
शेडचं दार बंद, बाहेर वारा,
आणि आम्ही जागच्या जागी, चाळिसाच्या वेगाने.