अंक तिसरा

लक्ष्मीपुरीत रद्दीच्या दुकानात सापडला,
वजनकाटा डगमगू नये म्हणून
चौघडी करून पायाखाली घातलेला.
'वादळवीर आणि चुंबक : महासंगम', अंक तिसरा.
किंमत दीड रुपया. मी वीस दिले.
दुकानदारानं काट्याखाली
कुठल्याशा बँकेचा वार्षिक अहवाल सरकवला.

पहिला, दुसरा आणि चौथा मला पाठ आहेत.
पहिल्यात डॉक्टर शून्य शहरातले पूल गिळतो.
दुसऱ्यात वादळवीराला वाटतं, हे चुंबकाचंच काम,
लोखंड दुसरं कोण ओढतं?
मग बत्तीस पानं दोघं एकमेकांना हाणतात,
'धडाम'चा काना चौकटीबाहेर जाईस्तोवर.
चौथ्यात एकदम खांद्याला खांदा.
मधे कोण कुणाला काय बोललं,
आधी कोण थांबलं,
छत्तीस वर्षं ठाऊक नव्हतं.

कुंभोजकरांची लायब्ररी पापाच्या तिकटीजवळ,
चपलांच्या दुकानावर, माडीवर.
पुस्तक कुठलंही उघडा, चामड्याचा वास.
दिवसाला चार आणे.
मी आणि दस्तगीर बागवान, दोन-दोन आणे घालून
रंकाळ्याच्या कठड्यावर एक अंक दोघांत.
पान उलटायचा हक्क त्याचा,
संवाद मोठ्यानं म्हणायचा माझा.
मी अक्षरांत अडकलेला असायचो, तो चित्रांत पुढं गेलेला.
कोण मरणार, हे त्याला नेहमी आधी कळायचं
आणि तो सांगायचा नाही.

तिसरा आम्ही आणला आणि वाचायच्या आधी हरवला.
फुटबॉलची मॅच होती, दोन पेठांची.
दगड आले, पळापळ झाली.
दप्तर माझं होतं की त्याचं,
खरंच आठवत नाही.
कुंभोजकरांनी चष्म्यावरून बघितलं
आणि मी म्हणालो, दस्तगीरनं नेलाय.
दोन शब्द.
त्यानं दंड भरला,
चुलत्याच्या गाड्यावर आठ दिवस केळी मोजून.
चौथा अंक आम्ही वेगवेगळा वाचला,
आधी त्यानं, मग मी.
सातव्या पानावर त्याच्या अंगठ्याएवढा
आंब्याचा डाग होता.

काल रात्री उघडला.
लाल रंग रेषेबाहेर घसरलेला,
वीर मागं, त्याचा झगा बोटभर पुढं उडतोय.
शून्य ह्या अंकात जवळजवळ नाहीच.
दोघं दमून पाण्याच्या टाकीवर बसलेत.
चार पानं नुसती टाकी,
चित्रकाराला तेवढीच काढता येत असावी.
चुंबक विचारतो, "कुठं लागलं?"
वादळवीर बोटानं दाखवतो.
पुढच्या चौकटीत ढग.

मलपृष्ठावर शिक्का होता, इचलकरंजीचा.
म्हणजे हा आमचा नव्हेच.
कुणावर काही शाबीत होत नाही,
कुणी सुटतही नाही.

सकाळी कपिलतीर्थावर गेलो.
गाळा आता दस्तगीरचा. केस पिकलेत,
चष्मा कुंभोजकरांसारखाच नाकावर घसरलेला.
मी काही न बोलता अंक चिकूंवर ठेवला.
त्यानं हात पुसले, लुंगीला, दोन्ही बाजूंनी.
"तीन नंबर?"
होय म्हटलं.
"वाचलास?"
होय म्हटलं. वाच की तूही.
त्यानं अंक उचलला, उघडला नाही,
काट्यावर ठेवला.
"शंभर ग्रॅम बी न्हाई रं हे."
मग दोन बोटांनी घड्या सपाट करत म्हणाला,
"ऱ्हाऊ दे. चवथ्यात एक झालेत की ते."

तेवढ्यात एक बाई चिकूचा भाव विचारायला आली.
त्यानं अंक गल्ल्यावर ठेवला,
मला आत सरकून बसायला जागा केली,
आणि तिला म्हणाला,
गोड हायेत, ह्यांनाच विचारा.