अकरा किलो दोनशे

हळदीच्या सौद्यात तेहतीस वर्षं वजनं केली.
पोत्याला नुसता हात लावला की कळतं
ओल किती, माती किती, खोट किती.
म्हणून त्रिशला म्हणाली, पिशवी तुम्हीच भरा.

पिशवी म्हणजे सॅक. पंचेचाळीस लिटरची.
लिटर कशाला, म्हटलं, दूध आणायचंय का?
सन्मतीनं पुण्याहून पाठवलेली, केशरी,
पोटाला पट्टा, छातीला पट्टा
आणि छातीवरच्या बकलात चक्क एक शिट्टी.
वाजवून बघितली.
समोरच्या गॅलरीतून मुजावरांनी डोकं काढलं,
"आलं काय ओ पाणी?"
"नाही. मे आहे अजून."

एकोणीस साली हाताला लागेल ते घेऊन निघालो.
बोटीत बसल्यावर बघतो तर
हिच्या मांडीवर मिक्सरचं झाकण,
माझ्या खिशात टीव्हीचा रिमोट.
टीव्ही घरात, सहा फूट पाण्याखाली.
मिरजेच्या शाळेत, पाचवी ब च्या वर्गात
तो रिमोट उशाशी घेऊन मी बारा दिवस झोपलो.
कुणी हसलं नाही.
शेजारच्या सतरंजीवरच्या बाईंनी
कुलूप आणलं होतं. नुसतं कुलूप.

तर ह्या खेपेला रीतीनं.
कपाळाला बांधायचा दिवा.
त्रिशलानं बांधला, आरशात बघितलं,
"दिवस बुडल्यावर आपण जेवत नाही,
मग ह्याचं काम काय?"
जिन्याचं काम, म्हटलं. एकोणीस पायऱ्या, वीज नसते.

पंधरा मीटर दोरी.
चांदीसारखं पांघरूण, घडी केली की काडेपेटीएवढं,
उघडलं तर परत त्या घडीत जात नाही. गेलंच नाही.
पाणी गाळायची नळी :
थेट डबक्याला लावून ओढा, असं चित्र आहे वर.
त्रिशलानं तिच्याशेजारी
पांढरं फडकं चौपदरी करून ठेवलं.
"आधी आपण गाळू. मग तिची नळी गाळू दे."
फडक्याचं वजन धरलं नाही.

पाणी न शिरणाऱ्या पिशवीत कागद :
आधार, रेशनकार्ड, घरफाळ्याची पावती,
आणि मागच्या पंचनाम्याची झेरॉक्स,
कारण चिखलात उभा राहून तो पोरगा
मला विचारत होता, घर तुमचंच कशावरून?
त्याचंही काही चुकलं नव्हतं.
भिंतीवर आमच्या दोघांच्या वर
पाण्याची रेघ होती, आणि रेघेवर नाव नसतं.

मंगळवारी सौदा उठल्यावर यार्डात नेली,
काट्यावर ठेवली. चौदा किलो सहाशे.
हमाल बाबालाल म्हणाला,
"हळद भरली असती तर दोन हजार आलं असतं, अण्णा."
मी हसलो, पण काळजीत होतो.
हर्नियाच्या डॉक्टरांनी सांगितलंय,
अकराच्या वर उचलायचं नाही.

मग काढणं सुरू झालं.
भरण्यापेक्षा काढणं अवघड, हे काटा शिकवत नाही.
बिस्किटं निम्मी. बुटांचा दुसरा जोड गेला.
गॅसची छोटी शेगडी गेली,
सन्मतीला सांगायचं नाही असं ठरलं.
दाढीचं सामान मी काढलं, हिनं परत घातलं,
"शाळेत चार माणसांत बसायचं असतं."
शेवटी अकरा. काटा हलला नाही, बरोबर अकरा.

दुसऱ्या दिवशी सहज उचलली
आणि हात म्हणाला, दोनशे जास्त.
हात चुकत नाही.
आत त्रिशला भाकरी थापत होती,
थापायचा आवाज मधेच थांबला.

चेन उघडायला गेलेलं बोट मागं घेतलं.
झाकण तर नव्हे? ते एवढं भरत नाही.
तेहतीस वर्षांत कुणाचं पोतं
न बघता सोडलं नाही मी.

"किती भरली?" तिनं आतूनच विचारलं.
"अकरा," म्हटलं.
भाकरीचा आवाज परत सुरू झाला.

पिशवी दारामागच्या खुंटीला लावली.
खुंटी जराशी वाकली.