भुसा पथक

साइमीची अट एकच होती:
"आई, तिथं ओळख दाखवायची नाही.
हाक नाही, जॅकेटची चेन वर ओढणं नाही, काही नाही."
बारा वर्षांची आहे. मी कबूल केलं.
तेरा हजार पोरांत कोण कोणाला दिसतंय, म्हटलं.

फॉर्मवर मी लिहिलं होतं: स्वयंपाक चालेल, प्रथमोपचारही.
मिळाले संडास. तळ्याकडचे, ऐंशी,
सगळे कोरडे; पाण्याच्या जागी लाकडाचा भुसा.
रेइयो म्हणाला, "तीस वर्षं तांपेरेत बस चालवली मी.
माणसं बसमध्ये याहून वाईट वागतात."
आणि फावडं हातात दिलं.

पहिल्या दिवशी भुशाला पाइनचा वास असतो.
तिसऱ्या दिवशी नसतो,
किंवा आपलं नाक राजीनामा देतं.
पिवळं जॅकेट, गुडघ्यापर्यंत रबरी बूट,
दर दोन तासांनी बादल्या भरा,
कागदाचे रोल मोजा, कड्या हलवून बघा.
बावन्न नंबरच्या दारावर कोणीतरी खडूनं लिहिलेलं:
आत राजा बसला आहे.
पुसा, असा वरून निरोप आला.
मी विसरले. रोज विसरत राहिले.

रात्र म्हणावी तर जुलैत ती पुरती होत नाही इथं.
अकरा वाजले तरी तळं ताकासारखं पांढरट,
आणि डास ठरल्या वेळी हजर.
तंबूंतून कुजबुज येते,
भाषा कळत नाही, चिडवणं कळतं.

गुरुवारी, वाटाण्याच्या सूपच्या रांगेत,
दिसली.
केसांना फणी नाही, स्कार्फची गाठ पाठीवर गेलेली.
मी वाडग्याकडे पाहिलं. वाटाणे मोजले.
ती अगदी जवळून गेली, मैत्रिणीला म्हणाली,
"ई, भुसा पथकाचा वास!"
रेइयो खदखदून हसला. मीही.
रात्री मात्र बाही दोनदा हुंगून पाहिली.

सहाव्या रात्री वारा सुटला.
बर्चची झाडं आधी वाकली, आवाज मागून आला.
भोंग्यावरून हुकूम: तंबू सोडा,
लष्कराच्या जुन्या गोदामाकडे चला, जोडीजोडीनं.
आम्ही टॉर्च धरून वळणावळणावर उभे.
ओली पोरं संपता संपेनात.
मी एकेक चेहरा निरखत होते.
अट मोडत होते, अंधाराच्या भरवशावर.

कोणीतरी बाही ओढली.
"अहो," साइमी म्हणाली. मला. अहो.
"आमची एल्मी संडासात आहे. कडी लावून बसलीय. येतच नाही.
तुम्ही चला ना."

बावन्न नंबर.
मी दाराशी उकिडवी बसले.
पत्र्यावर पाऊस असा, की ओरडावं लागत होतं.
"आत राजा आहे का?"
बराच वेळ काही नाही.
मग बारीक आवाज: "राजा पळाला. मी आहे."
"मग राणीसाहेब, भुसा टाका आणि या बाहेर.
मागे रांग लागलीय."
रांग कुठली? मी आणि साइमी, चिंब.
कडी निघाली.

गोदामापर्यंत तिघी गेलो, एल्मी मधे.
दाराशी साइमी म्हणाली, "थँक्यू,"
सगळ्या स्टाफला म्हणतात तसंच.
एल्मी आत वळली.
तेवढ्यात माझ्या जॅकेटची चेन
एका झटक्यात वर,
हनुवटीला चिमटा बसेल इतकी.
मी पाहीपर्यंत ती गर्दीत गेलेली.

सकाळी ऐंशीतले अकरा आडवे.
भुशाची लापशी झालेली सगळीकडे.
पोरं अनवाणी सूप मागत हिंडत होती.
बावन्न उभा होता, दार धुऊन कोरं.
रेइयोनं इकडेतिकडे पाहिलं,
मग खिशातून खडू काढला.