जन्मसाल

लिलाव सुटला की बर्फाचं पाणी चपलांनी उडवत
पोरं थेट माझ्या दुकानात. हर्णै बंदर, उजव्या हाताला तिसरं.
कंपनीचा माणूस दापोलीहून येऊन
पुठ्ठ्याचा सैनिक ठेवून गेलाय,
माझ्यापेक्षा वीतभर उंच,
बंदुकीच्या नळीला पाकिटं लटकवायचे हूक.
वह्यांवर चिकटवायला त्याचेच स्टिकर, फुकट.
शाळा उघडायच्या आठवड्यात बरोबर.

अठरा हा आकडा आहे त्यावर.
सुक्या जवळ्याच्या डोळ्याएवढा.

गेम जन्मसाल विचारतो.
पहिल्या पोराला मीच म्हटलं, टाक एकोणनव्वद,
तोंडात आलं ते माझंच.
आता सातवीची अख्खी तुकडी
माझ्या वयाची.

काल सुगंधा चोगले आली,
कोपरापर्यंत खवले,
पाटी खाली न ठेवताच म्हणाली,
"यज्ञेश रातचा झोपेत कुणाला तरी सांगतो,
मागून ये, मागून ये.
तुमीच देता ना ते?"
मी म्हटलं, मी फक्त रिचार्ज देतो.

रात्री सैनिक आत घेतला.
शटर अडलं बंदुकीला.
गुडघ्यात थोडा वाकवला, मग मावला.

सकाळी परत बाहेर.
महिनाअखेर होती.