पाच किलोला काय म्हणतात

सातवी ब, तिसरा तास.
फळ्यावर लिहिलं पाच. म्हटलं, ही संख्या.
शेजारी किलो. म्हटलं, हे एकक.
हेतल उभी राहिली,
सकाळी मिरच्या खुडलेले हात तोंडापासून लांब धरून.
"आणि दोघं मिळून, बाई?"

पुस्तकात आहे: राशी.
मी राशी म्हणाले आणि अख्खा वर्ग हसला.
दोंडाईच्यात राशी म्हणजे यार्डातले लाल ढीग,
नाहीतर पेपरातली तूळ, वृश्चिक.
"पाच किलोचं भविष्य काय, बाई?" मागच्या बाकावरून.

माप म्हणावं, तर माप रिकामंही असतं.
परिमाण हा शब्द सुपारीच्या खांडासारखा
या गालातून त्या गालात.
वजन म्हटलं, तर पाच मीटरनी कुठं जायचं?
रात्री भाकरी थापता थापता आठवत बसले:
पसाभर, वीतभर, हाकेच्या अंतरावर,
दोन बोटं पाणी.
बैलांची जोडी, नवराबायकोचं जोडपं,
चपलांचासुद्धा जोड.
पाच आणि किलो एवढा जन्म एकत्र काढतात,
त्यांच्या संसाराला नाव नाही.
भाकरी करपली एक.

शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर यार्डात गेले.
डोळ्यांतून पाणी, घशात खवखव.
हेतलचा बाप भिला आप्पा, मापाडी, नाकाला पंचा बांधून.
पहिल्या पोत्याला तो एक म्हणत नाही.
म्हणतो, लाभ.
मग दोन, मग तीन.
पोतं काट्यावर टेकतं, लाल आकडे थरथरून थांबतात,
की तो ओरडतो, "एकतीस किलो सातशे!"
आणि कारकून लिहून घेतो.
"काय लिहिता?" मी विचारलं.
त्यानं मानही वर केली नाही.
"बोल."

आप्पा दोनदा शिंकला, मग पंचा खाली ओढून म्हणाला,
"नुसता आकडा आंधया, बाई. नुसता किलो पांगया.
आंधयाना खांदावर पांगया बठना,
तवय व्हयना बोल."
आणि पुढच्या पोत्याकडे वळला.
एकदा बोल गेला, की तो परत घेत नाही,
हे मला नंतर व्यापाऱ्यानं सांगितलं, जरा रागानंच.

सहामाहीत प्रश्न आला,
संख्या आणि एकक मिळून काय होते?
हेतलनं लिहिलं: बोल.
खाली रेघ, पट्टी लावून.
उत्तरसूचीत राशी होतं.
लाल पेन उघडं ठेवून मी इतका वेळ बसले
की निब वाळली, दोनदा झटकावी लागली.
मग समासात लिहिलं: लाभ.

बेरजेच्या दिवशी ऑफिसातून हाक आली.
"बाई, हे किती धरू?"
"एक," मी म्हणाले.
क्लार्क पेन उचलून तसाच थांबला,
माझ्याकडे बघत.
"एक गुण."
मग त्यानं लिहिलं.