मूळ फाईल

वहीच्या मागच्या पानावर तीन रकाने.
पुण्याचा: अठ्ठावीस हजार, डायनोच्या आलेखासकट,
चोवीस घोडे जास्त.
वॉरंटीचं विचारलं की फोनवर गाणं लागतं.
कोल्हापूरचा: एकोणीस.
"स्टेज वनवर थांबा, मॅडम. स्टेज टूला क्लच रडतो."
तिसरा फाईल मेलवर पाठवणारा, गाव न सांगणारा.
त्याच्यापुढे मी प्रश्नचिन्ह काढलं,
मग त्याला कान काढले, मिशा काढल्या.

हे सगळं अर्ध्या सेकंदासाठी.
यवतेश्वरच्या तिसऱ्या वळणावर
दुसऱ्या गिअरमध्ये पाय दाबला
की गाडी आधी विचार करते.
तेवढ्यात मागची एसटी आरशात मोठी होते
आणि पेट्रीच्या शाळेत प्रार्थना माझ्यावाचून सुरू होते.

"पैसे देण्याआधी एकदा बघू तरी द्या,"
इनायत आतार म्हणाला.
कोडोलीत त्याचं गॅरेज.
त्याचे वडील लांब स्क्रूड्रायव्हर कानाला लावून
इंजिनाचं दुखणं ऐकायचे.
हा स्टिअरिंगखाली वायर खोचतो,
लॅपटॉप मांडीवर घेतो आणि ऐकल्यासारखाच
मान तिरकी करतो.

"बाई, ही फाईल कंपनीची नाय.
कुणीतरी आधीच हात फिरवलाय."

कुणीतरी म्हणजे तो,
विट्याच्या गलाईवाल्याचा मुलगा,
कोइंबतूरला दुकानावर बसायला निघालेला,
किल्ली देताना म्हणाला होता,
"एकदम सावकाश वापरलीय, काकू."
सावकाश!
चार वर्षं मी त्याचा उजवा पाय चालवतेय.
डब्याच्या पिशव्या, तपासायच्या वह्या,
एकदा तापलेली लेक मागच्या सीटवर,
आणि बॉनेटखाली सगळा वेळ
त्याची रात्रीची विट्याची मोकळी सडक.

"मग ही अडखळते का?"
इनायतने आत हात घातला,
रबरी नळीला उभी चीर, नखाएवढी.
"ताकद आहे की. गळतीय नुसती.
साडेअकराशे, मजुरीसकट."

नळी बसली. तेलकट हात पुसत त्यानं विचारलं,
"कंपनीची मूळ फाईल टाकू का परत?
माझ्याकडं आहे. तिचे पैसे नकोत."

मी वही उघडली. चौथ्या रकान्याला
जागा नव्हती, मांजर बसलं होतं.
अर्धा सेकंद गेला.
"राहू दे," म्हणाले,
आणि लगेच, "थांबा, नको, म्हणजे
उद्या घाट चढून सांगते."