कडी

दर एकतीस मार्चला, शटर अर्धं खाली आल्यावर,
वाकून आत यायचे खलीलोद्दीन मास्तर.
उर्दू शाळेत गणित शिकवून रिटायर,
आता अमानत बिनव्याजी पतसंस्थेचे सचिव.
खिशात दोन पेनं, एक निळं, एक तांबडं.

'बाई, आमचं व्याज काढून द्या.
वेगळ्या लिफाफ्यात. मुद्दलात मिसळू नका.'

त्या साली चार हजार एकशे बारा रुपये, साठ पैसे.
साठ पैसे मी सोडून दिले असते.
त्यांनी मोजून घेतले,
आणि रॉकेलची बाटली कपड्यांपासून लांब धरावी
तसा लिफाफा धरून निघाले.

व्याज घ्यायचं नाही असं ज्यांनी ठरवलं
त्यांचीही रोकड रात्री आमच्याच परभणी शाखेत यायची.
आणि आमच्या तिजोरीत पैसा नुसता झोपत नाही,
तीन महिन्याला पिल्लू घालतो.

कॉम्प्युटर आले तेव्हा त्यांच्या खात्यावर
मी व्याजदर शून्य टाकून पाहिला.
पडद्यावर तांबडी अक्षरं: अवैध.
मास्तर काचेतून बघत होते.
'म्हणजे तुमच्या मशीनला शून्य येत नाही?
माझ्या पाचवीच्या पोरांना येतं.'

मीही काही कमी नाही. गुजरीतल्या त्यांच्या ऑफिसात,
बांगड्यांच्या दुकानावरचा तो जिना चढून, विचारलंच:
सोनं ठेवून दहा हजार देता, वर तीनशे सर्व्हिस चार्ज.
हे व्याजच की, मागच्या दारानं आलेलं.

रागावले नाहीत. वही उघडली.
लाइट बिल. वॉचमनचा पगार. चहा. कुलपाचं तेल.
बेरीज, भागिले कर्जदार.
'उरलं तर परत. गेल्या साली माणशी अकरा रुपये दिले.
आमचा खर्च वाढतो बाई.
दिवस वाढले म्हणून पैसा वाढत नाही.'
मग तांबडं पेन कानावर ठेवून, हळूच,
'कभी कभी मलाही वाटतं, बाल बराबर फरक है.
पर बाल तो है.'

लिफाफ्याचं काय करता, हे विचारायला मला सात वर्षं लागली.
'स्टँडामागचा बायकांचा संडास. दारं, नळ, कड्या.
ह्या पैशात सवाब नाही, पुण्य लागत नाही.
नुसतं हात धुणं आहे.'

मी जिंतूरहून अप-डाऊन करायची.
सात वर्षं त्याच दाराची कडी आतून लावली होती,
पाळीच्या दिवसांत, सहाव्या महिन्याचं पोट घेऊन,
बाहेर गाडी रेस होत असताना.
आमच्या शाखेचं व्याज,
मीच काढलेलं, मीच तपासलेलं,
साडेतीन इंचाचं पितळ होऊन
माझ्या आणि जगाच्या मध्ये उभं होतं.
त्यांना हे सांगितलं नाही. कसं सांगणार.

आता मी रिटायर. एफडीच्या व्याजावर गॅस, दूध,
गुडघ्याच्या गोळ्या, नातीचं कानातलं.
लाज वाटत नाही. झोपही लागते.
मास्तर गेले. त्यांच्या जागी आलेला मुअज्जम
सगळं मोबाइलवर करतो,
लिफाफा काही राहिला नाही.

गेल्या आठवड्यात स्टँडवर गेले तर कडी निखळलेली.
दार पायानं दाबून धरावं लागलं.
समोरच्या हार्डवेअरमधून सत्तरची कडी घेतली,
चार स्क्रू, सुताराचे पन्नास.
पर्समधल्या नोटा पेन्शनच्या की व्याजाच्या,
कळायला मार्ग नव्हता.
दुकानदार म्हणाला, 'पावती कोणाच्या नावानं, मावशी?'

राहू दे म्हणलं.
सुतार गेल्यावर आत जाऊन
एकदा लावून पाहिली.